मोजणाऱ्याचा हात

एकतीस मेला मी रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होणार. त्याआधी एकच काम तडीला न्यायचं होतं: ह्यांच्या विहिरीच्या वह्या विद्यापीठाच्या कायमच्या डेटासाठ्यात जमा करायच्या. घरी ठेवल्या तर वाळवी वाचणार. मुलगा निलेश ऐरोलीला असतो. तो म्हणाला, "आई, फोटो काढून ठेव ना." ते फोटो बघणार कोण, हे मी त्याला विचारलं नाही.

आमचे हे कलमांचे बागायतदार. पाणी बागेला पुरेल का, या काळजीपोटी दर सोमवारी सकाळी काठापासून पाणी किती खोल गेलंय ते मोजायचे. पोहरा पाण्याला टेकला की दोरी काठापाशी चिमटीत धरायची, मग वर ओढून हातांनी मोजायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. एकोणीस वर्षं त्यांनी मोजलं. २०१९च्या दिवाळीनंतर ते गेले, तेव्हापासून मी मोजते. बाग आता कराराने दिलीय आणि मला एकटीला दोन कळशा पाणी पुरतं. पण सोमवारी सकाळी कुठेतरी जायचं असतं, तेवढंच बरं वाटतं.

एप्रिलात मी कार्यशाळा घेतली: संशोधनाचा डेटा कसा सांभाळावा. आमचे एम.एस्सी.चे विद्यार्थी आणि दापोली, लांजा, राजापूरचे ग्रंथपाल. ग्रंथपाल पहिल्या चहापर्यंत रुसलेले, कारण शनिवार गेला होता. मी म्हटलं, "फाइलला 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरंच फायनल' अशी नावं देणाऱ्याला मी बाहेर काढीन. काय मोजलं, कशाने मोजलं, एकक काय, सगळं लिहा. उद्या तुम्ही नसलात तरी परक्या माणसाला कळलं पाहिजे." हे वाक्य मी दर वर्षी म्हणते.

सरावासाठी मी वह्यांतलेच आकडे संगणकात भरून दिले होते. साठ्यात घेण्याआधी बाहेरच्या कुणीतरी तपासणं सक्तीचं होतं. कोणाची विहीर ते मात्र सांगितलं नाही. म्हटलं, कौतुक झालंच तर परक्या तोंडून होऊ दे.

नाटे गावची विद्यार्थिनी नेत्रा, मासेमारांच्या घरातली, तिने आलेख काढला आणि ओरडलीच, "मॅडम, ह्या विहिरीक काय झाला?"

वर्ग हसला. मग ती सावरून नीट सांगू लागली. २०१९च्या नोव्हेंबरात महिन्याभरात पाणी नऊ हातांवरून साडेदहावर गेलं होतं, आणि नंतर दर वर्षी आधीपेक्षा तेवढंच खाली.

"शेजारी कोणी बोअर मारली काय?" दापोलीच्या ग्रंथपाल मथुराबाईंनी विचारलं.

माझी कानशिलं तापली. विहिरीला काही झालं नव्हतं. ह्यांचा हात लांब, माझा आखूड, तेवढीच दोरी माझ्या हाताने जास्त भरते. एककाच्या रकान्यात मी ऐटीत 'हात' लिहिलं होतं. कुणाचा, ते लिहिलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मोजणारं माणूस बदललं, एवढंच मी सांगितलं. नेत्रा हुशार. "मग सोपं आहे. आत्ता मोजतात त्यांचा हात टेपने मोजू, त्यांची सहा वर्षं सेंटिमीटरमध्ये येतील. आधीच्यांनाही एकदा बोलावून घ्या, त्यांचाही मोजू."

"ते नाहीत आता."

"अरेरे. मग आधीची एकोणीस वर्षं गाळायला लागतील, मॅडम. तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. तरी मला तिचा राग आला, आणि राग यावा असं त्या पोरीने काही केलं नव्हतं. माझी सहा वर्षं राहणार आणि त्यांची एकोणीस जाणार होती. ज्यांनी मोजायला घेतलं, त्यांचंच नाव कुठे राहणार नव्हतं.

जाता जाता ती म्हणाली, "त्यांनी न हलणारं काही मोजून ठेवलंय का, तेवढं बघा."

रविवारी सकाळी सगळ्या वह्या काढल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर होतं, 'काठापासून आतल्या जांभ्या दगडाच्या कपारीपर्यंत बारा हात.' आकड्यांच्या रांगेत बसत नव्हती म्हणून ती ओळ मीच सोडून दिली होती.

एप्रिलात पाणी कपारीच्या खाली असतं. बांधकामाची मोठी टेप घेऊन विहिरीवर गेले. दुसरं टोक धरायला माणूस हवं, तर वाडीतली सगळी घरं मुंबईला. शिमग्याला उघडली होती, ती पुन्हा बंद. शेवटी टेपला बत्ता बांधला, आणि साठीची बाई मी, काठावर पालथी पडले. कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. बघायलाही कोणी नव्हतं. तीन वेळा मोजलं. पाचशे शहात्तर सेंटिमीटर. भागिले बारा, अठ्ठेचाळीस.

ओटीवर टेप पसरली आणि शून्यावर कोपर टेकवून माझा हात लावला. माझी बोटं बेचाळीसला संपली. पुढच्या सहा सेंटिमीटरवर त्यांची बोटं यायची. तेराव्याला आली नव्हती इतकी मला त्यांची आठवण आली. दुपारचं जेवण तसंच राहिलं.

सोमवारी नेत्राला फाइल दिली. वर लिहिलं होतं, 'मोजणारे: काशीराम, एक हात ४८ से.मी. त्यानंतर विमला, एक हात ४२ से.मी.' दुसरं नाव वाचून तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून सगळे आकडे बदलून घेतले.

"जुळलं, मॅडम! काहीच गाळायला नको."

पंचवीस वर्षांची सलग रेघ पडद्यावर होती. पावसात पाणी वर, मग हळूहळू खाली, पुन्हा वर. २०१९चा नोव्हेंबर मला शोधावा लागला. पाणी बाकीच्या वर्षांसारखंच उतरत गेलं होतं. सुतकातले दोन सोमवार मी विहिरीवर गेले नव्हते, तिथेही संगणकाने आपणच रेघ जोडून घेतली होती. ते गेले, हे आता त्या आलेखात कुठेच दिसत नव्हतं.

"बरोबर आहे ना, मॅडम?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पाणी असंच होतं."

आणि तिच्यासमोरच मला रडू फुटलं.