पुढची गोष्ट आमच्याकडे

आमच्या ह्यांनी तीस वर्षं वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. त्यातून त्यांना एकच ज्ञान झालं: माणूस एखादं पुस्तक बुडवेल, पण पहिला भाग हटकून परत आणेल, कारण त्याला दुसरा हवा असतो.

म्हणून सहलीला निघताना कॅमेऱ्यात त्यांनी पहिला फोटो काढला तो स्वतःच्या हस्ताक्षरातल्या कागदाचा. कागदावर एका गोष्टीची सुरुवात: एका बाईच्या दारात कुलूपबंद पेटी येते आणि आतून टकटक ऐकू येते. खाली आमच्या घरचा फोन नंबर आणि ‘पुढची गोष्ट आमच्याकडे. कॅमेरा सापडल्यास विचारा.’

“नुसता नंबर लिहिला असता तर?” मी म्हटलं.

“नुसत्या नंबराला कोण भीक घालतं?”

मी कपाळाला हात लावला.

सोबत नणंदबाई होत्या. वडिलांच्या आजारपणात कोण किती झिजलं, यावरून बहीण-भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. मीच दोघांच्या हातापाया पडून त्यांना एका बसमध्ये बसवलं. तीन दिवस दोघं माझ्यामार्फत बोलले. चौथ्या दिवशी तळ्याच्या काठावर नणंदबाईंनी ह्यांचा कान पिरगाळला आणि दोघंही पोट धरून हसले. तो फोटो मी काढला. मोठेपणीचा दोघांचा एकत्र असा तो एकच.

परतताना बस बदलली आणि कॅमेरा आधीच्या बसमध्येच राहिला. नणंदबाईंचा पारा चढला. “एक कॅमेरा सांभाळता येत नाही, वडिलांना काय सांभाळलं असशील!”

झालं, पुन्हा अबोला. हे रोज फोनजवळ खुर्ची टाकून बसायला लागले. मला त्यांची दयाही यायची आणि रागही.

विसाव्या दिवशी फोन वाजला. कुठल्याशा गावातले एक सलूनवाले होते. बसमध्ये सापडलेला कॅमेरा त्यांच्या दुकानात आरशासमोर सुखरूप होता.

“पाठवतो की! पण आधी सांगा, पेटीत काय आहे? इथं गिऱ्हाईकं अर्धी दाढी ठेवून भांडतायत.”

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पुढची गोष्ट लिहिलीच नव्हती! “उद्या सांगतो,” म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि दोन तास पेन्सिल चावत बसले.

“मला सुरुवातच जमते गं. लहानपणी शेवट ताई करायची.”

“मग विचारा की त्यांना.”

“ती माझा फोन उचलायची नाही.”

पण मोबाइल घेतलाच. तिकडून उचललाही. कशी आहेस नाही, काही नाही, हे थेट म्हणाले, “ताई, एक पेटी आहे. कुलूप आहे. आतून टकटक येतेय. आत काय असेल?”

मी जीव मुठीत धरून उभी. मग पलीकडून नणंदबाईंचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला.

“ठोंब्या, आधी हे सांग, पेटी पाठवली कोणी?”

मला रडूच आलं. दोघं बोलत सुटले. पेटी कोणी पाठवली यावरून वाद झाला, हसणं झालं, मग वडिलांचा विषय निघाला. या वेळी आवाज चढले नाहीत.

तासाभराने घरचा फोन वाजला. सलूनवाल्यांना उद्यापर्यंत दम निघत नव्हता.

“मिळाला का शेवट, वहिनी? कॅमेरा खोक्यात भरून ठेवलाय. सांगा आणि पत्ता द्या.”

आतल्या खोलीत हे अजून मोबाइलवर बहिणीला मध्येच तोडून काहीतरी समजावत होते, आणि नणंदबाई ऐकून घेत होत्या.

“दादा, राहू द्या अजून चार दिवस तुमच्याकडेच,” मी म्हटलं. “इतक्यात शेवट नको.”