फ्रिजच्या पोटातला सा

मीटरकाकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे त्यांनी लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं. बिचारा प्रामाणिक माणूस! लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली. बायको मात्र शास्त्रीय गाणारी, शिष्यांच्या तोंडी नुसत्या ‘बाई’. बाईंच्या प्रत्येक मैफलीत काका पहिल्या रांगेत बसत आणि पाच मिनिटांत डुलक्या घेऊ लागत. बावीस वर्षं बाई हा अपमान गिळत होत्या.

तर त्या गुरुवारी काकांनी कुणालाही न विचारता घरातला जुना फ्रिज भंगारात दिला आणि नवा आणला. जुना दिवसभर घूंऽऽ करायचा आणि वीज नुसती ढोसायचा. नवा अगदी मुका. रविवारी बाईंची मोठी मैफल होती, त्याआधी तेवढीच खुशी, असा काकांचा हिशेब.

बाई रियाजाला म्हणून स्वयंपाकघरात तानपुरा घेऊन बसल्या आणि किंचाळल्या.

“अहो, माझा सा कुठे गेला?”

“खालच्या कप्प्यात बघ,” काका म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. सगळं गाणं ज्या एका सुरावर उभं राहतं तो सा बाई बावीस वर्षं फ्रिजच्या घूंऽऽवर जुळवत होत्या. हे त्यांनी गुरूंनाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? आता सा एकदा वर चढायचा, एकदा खाली घसरायचा. “रविवारी माझं हसं होणार,” म्हणून बाई रडल्या आणि मग त्यांनी अबोला धरला. रडणं परवडलं, पण अबोला काकांना सोसवेना.

शनिवारी सकाळीच काकांनी भंगारवाल्याचं दुकान गाठलं. तिथे एकाच कंपनीचे चार पांढरे, गंजके फ्रिज ओळीने उभे.

“यातला आमचा कुठला?”

“मला काय ठाऊक? तुमचा फ्रिज, तुम्ही ओळखा.”

बायकोला फोन करावा, तर ती उचलेना. भंगारवाल्याने एकेकाची पिन खोचायला सुरुवात केली. पहिला घूंऽऽ. “हा असेल,” काका म्हणाले. दुसरा घूंऽऽ. “किंवा हा.” गाढवाला गुळाची चव काय! तिसऱ्याची पिन खोचली, आणि थोड्याच वेळात भंगारवाला काकांना गदागदा हलवू लागला.

“अहो काका, पडाल! उभ्या उभ्या झोपलात की!”

काकांनी डोळे चोळले आणि तिसऱ्या फ्रिजला मिठीच मारली. “हाच! हाच आमचा!”

घरी घूंऽऽ सुरू झालं, बाईंनी सा लावला आणि सूर जागच्या जागी बसला. त्यांनी डोळे पुसले.

“ओळखलात कसा? तुमचे कान तर दगडाचे.”

“कान कुठले! झोप आली,” काका ओशाळून म्हणाले. “तुझ्या गाण्यात येते ना, अगदी तश्शीच. इतकी स्वस्थ झोप मला दुसरीकडे कुठे येतच नाही गं.”

बाईंनी तानपुरा जवळ ओढला आणि फ्रिजच्या घूंऽऽवर जुळवायला घेतला.

रविवारी सभागृह गच्च भरलं. घरी जुळवलेला तानपुरा वाटेत हलला होता, आणि फ्रिज काही व्यासपीठावर नेता येत नाही. मागे बसलेली शिष्या तानपुऱ्याच्या खुंट्या पिळत होती. “जुळला का बाई?”

बाईंची नजर पहिल्या रांगेत होती. तिथे काका टक्क जागे.

“अजून थोडा खाली घे.”

खुंटी केसभर फिरली. काकांची मान हळूच छातीवर कलली.

“जुळला,” बाई म्हणाल्या, आणि गायला लागल्या.