‘पी’ म्हणायचं नाही

“कोनाचा इस्वास बसनार नाय कॅथरिन, पन एका पोरीने नायगावची अख्खी खाडी पिऊन टाकली.”

सुनेने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तिचा काय दोष? पोर सुकत चाललेली आणि सासऱ्याला थापा सुचतायत.

टिफनी, माझी नऊ वर्षांची नात, खाटेखाली भिंतीला चिकटून पडली होती. कालपासून उलट्या-जुलाब, सकाळपासून लघवी नाही. तहान लागलीय, असं तीच म्हणाली होती. पण “पी बाळा” म्हटलं की तिचा घसाच मिटतो. बूट घालणं, जेवणं, चर्चमध्ये मिस्साला गुडघे टेकणं, सगळ्याचं तेच. सांगितलं की संपलं. शेजारी म्हणतात, लाडावलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हट्ट नाही, भीती आहे. काही का असेना, साखरमिठाचं पाणी पोटात जात नव्हतं.

कॅथरिनने विनवलं, मोबाइलचं आमिष दाखवलं, शेवटी नाक दाबून चमचा कोंबला. पोरीने चमचा चावला, होतं नव्हतं ते ओकली आणि खाटेखाली शिरली. मुलगा रिक्षा आणायला गेला. आता इस्पितळ, सलाइन. मागच्या खेपेला तिथे चौघांनी तिला दाबून धरलं होतं. त्यानंतर पावसाळाभर ती कोणाशी एक शब्द बोलली नाही.

“पप्पा,” कॅथरिन दाराला टेकून म्हणाली होती, “ह्या वेळी ती परत बोलायचीच नाही.”

तेव्हा मी साखरमिठाच्या पाण्याचा एक पेला भरला, माझाच असल्यासारखा खाटेशी ठेवला, पाठ फिरवून बसलो आणि खाडीची थाप काढली.

खाडी आटली तशा होड्या चिखलात बसल्या, म्हटलं. मासे पायीच बाजाराला निघाले. त्यातल्या निवट्यांनी रिक्षा केली आणि भाड्यावरून अशी हुज्जत घातली की रिक्षावाल्याने हात जोडले. त्या पोरीने ढेकर दिला, तर सातिवलीच्या गोदामांचे पत्रे उडाले. कॅथरिन हसली नाही. खाटेखाली श्वास तेवढा ऐकू येत होता, तोही बारीक. जन्मभर मला थापांची टंचाई पडली नव्हती. त्या दिवशी पडली.

बाहेर हॉर्न वाजला. मुलगा आत आला. पोरीला ओढून काढायला कॅथरिन खाली वाकली. मी तिचं मनगट धरलं आणि भिंतीकडे बघतच बोललो.

“आनि शेवटी त्या पोरीने आजाचा पेला पन पिऊन टाकला. थेंब ठेवला नाय.”

फरशीवर पेला घासल्याचा आवाज झाला.

“खोटं,” खाटेखालून टिफनी म्हणाली. “अर्धा ठेवलाय.”