व्हर्लिनचा कोट

"सासऱ्यांना सांग, पोरीला उचलायच्या आधी कपडे बदलत जा म्हणावं."

म्हातारी डोरेटा हे मला चर्चच्या स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलता सोलता म्हणाली. ऑगस्टचा शेवट होता. तिचा नवरा आयुष्यभर ट्रॅक्टरचे रेडिएटर शिशाचा डाख लावून दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो कोठारातच कपडे उतरवायचा, तिथल्या नळावर हातपाय घासायचा आणि मगच घरात यायचा. तसाच आला तर डोरेटा दार उघडत नसे.

"शिशाशी काम करणाऱ्यानं लेकराला तसंच जवळ घ्यायचं नसतं, मारिट."

"हो, सांगते की," मी म्हटलं आणि पुढचं कणीस घेतलं. सांगितलं नाही. ही बाई बटाटेसुद्धा गुड फ्रायडेलाच लावते, दुसऱ्या दिवशी लावले तर उगवणार नाहीत म्हणते. मी कॉलेजात चार वर्षं जीवशास्त्र शिकलेली. शिवाय व्हर्लिन काही रेडिएटरवाले नव्हते. वर्षातून काही आठवडे ते हरणांच्या शिकारीसाठी गोळ्या ओतायचे, एवढंच.

व्हर्लिन माझे सासरे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते अंगणापलीकडच्या लहान घरात एकटे राहत. मी आठवड्यातले चार दिवस शाळेच्या वाचनालयात जायची, तेव्हा माझी मुलगी टिली त्यांच्याकडे असायची. सगळ्या गोष्टींची काळजी करणारी बाई मी. द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी, झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून बघणारी. पण व्हर्लिनच्या खांद्यावर टिली दिसली की माझा जीव निवायचा. तिला त्यांच्या कामाच्या तपकिरी कोटात गुंडाळून ते अंगणात फिरवत, कोंबड्या दाखवत, आणि ती त्या कोटाची कॉलर चोखत चोखत झोपून जाई. तसा एक फोटो मी काढून फ्रिजवर लावला होता.

आमच्या भागात जमीन सपाट आणि घरं जवळजवळ, म्हणून हरणाला रायफल नाही, शॉटगनच. काडतुसात छर्रे नाहीत, अंगठ्याच्या पेराएवढी शिशाची एकच गोळी. तिला सगळे स्लग म्हणतात. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आमची नऊ जणांची टोळी निघते. निम्मे झाडीतून हरणं हाकत येतात, निम्मे शेताच्या टोकाला उभे. या टोळीनं चाळीस वर्षांत दुकानातली गोळी वापरलेली नाही. व्हर्लिन टायरच्या दुकानातून चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं आणत, पाडलेल्या घरांतले शिशाचे नळ आणत. गॅरेजमध्ये गॅसवर बिडाचं भांडं, त्यात ते वितळायचं. मेणाचा तुकडा टाकला की वर मळी यायची, ती चमच्यानं काढून टाकायची, मग साच्यात ओतायचं आणि गोळी ओल्या टॉवेलवर पाडायची. थंडी म्हणून दार बंद. शेवटी झाडूनं फरशी झाडायची.

ऑक्टोबरमध्ये टिली वर्षाची झाली. वर्षाच्या तपासणीत इथं बोटातून रक्त घेतात, शिसं बघायला. सगळ्यांचंच बघतात, म्हणून मी त्याचा विचारही केला नव्हता. दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. आकडा साडेतीनच्या वर गेला तर फोन करतात म्हणे.

"किती आहे?" मी विचारलं.

"एकतीस. हातातून घेऊन परत बघू या. बोटाला काही लागलेलं असू शकतं."

बोटाला काही लागलेलं नव्हतं. हातातूनही एकतीसच आलं.

मी फोन ठेवला आणि सिंकमधलं पातेलं घासायला घेतलं. घासून ठेवलं, परत उचललं, परत घासलं. परीक्षेसाठी पाठ केलेलं एक वाक्य डोक्यात फिरत होतं. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही, ते शिसं हाडांत साठवून ठेवतं. या वाक्याचे मला दोन मार्क मिळाले होते. आता माझी मुलगी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून डब्यांची झाकणं आपटत होती, आठ दातांनी माझ्याकडे बघून हसत होती, आणि दिसायला तिला काहीही झालेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "कुठून येतंय ते शोधा. पंचेचाळीसच्या वर गेलं तर रुग्णालयात ठेवून औषध द्यावं लागतं, आणि ते औषध सोपं नाही. डोक्यावर झालेला परिणाम औषधानं भरून येत नाही."

आमचं घर शंभर वर्षांचं. खिडक्यांचा रंग जुना, म्हणजे रंगच, सगळ्यांनी ठरवून टाकलं. माझा नवरा कोल्टन यानं रजा टाकली आणि दोन्ही झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या बदलल्या. नळाचं पाणी तपासलं, चांगलं निघालं, तरी मी बाटल्यांचं आणू लागले. गोळीचे कण असतील म्हणून फ्रीजरमधलं हरणाचं मटण टिलीला बंद केलं. रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसली. तिचे कपडे, पांघरुणं, चादरी रोज गरम पाण्यात धुतल्या. नोव्हेंबरच्या मध्याला परत रक्त दिलं.

अडतीस.

मी नर्सला म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. तिनं मला कागद दाखवला. मी तो गाडीत बसून वाचला. टिली मागच्या सीटवर बुटाची दोरी चावत होती. मी बूट काढून घेतला आणि कागद पहिल्यापासून परत वाचला. इतकं पुसलं, इतकं धुतलं, आणि आकडा वर कसा जाईल?

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यातली रोझान नावाची बाई घर तपासायला यायची होती. तिला सवड मिळाली ती नेमकी शिकारीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी. शेगडीवर टोळीसाठी चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, मोठं पातेलं आणि ओव्हनमध्ये दालचिनीचे रोल. त्याशिवाय इथं कुणी बंदूक उचलत नाही. कोल्टनचा चुलतभाऊ डेनी गोळ्या न्यायला आला होता आणि रोलला हात लावायला बघत होता.

"ते उद्याचे आहेत," मी म्हटलं.

"उद्या मी जिवंत असेन कशावरून? व्हर्लिनकाकांच्या गोळ्या घेऊन निघालोय. एकेक अशी जड आहे की लागली नाही तरी हरीण खाली दबून मरेल."

"तुझी लागलीय कधी?" कोल्टन म्हणाला. "गेल्या वर्षी ते हरीण थांबून बघत होतं, हा कुणाला मारतोय म्हणून."

रोझान हसली नाही. तिच्याकडे पिवळ्या कापसाचं टोक असलेल्या काड्या होत्या. शिसं असेल तर टोक लाल होतं. खिडकीची चौकट, काडी पिवळीच राहिली. पाळणा, पिवळीच. घर तापवायच्या रेडिएटरचा रंग, काही नाही. मला बरं वाटू लागलं होतं, आणि बरं वाटल्याबद्दल भीतीही. मग तिनं मागच्या दारातलं पायपुसणं चोळलं. काडी गुलाबी झाली. टिलीच्या उंच खुर्चीचा पट्टा, गुलाबी. कपडे धुवायच्या यंत्राच्या तोंडाशी जी रबराची कड असते, तिथं तिनं बोट घालून काडी फिरवली. लाल.

"या दारानं कोण येतं?" तिनं विचारलं.

तेवढ्यात ते दार उघडलं आणि व्हर्लिन आत आले. टिली त्यांच्या कोटात होती, अर्धवट झोपेत. ओली कॉलर तिच्या तोंडात.

 रोझान पुढं झाली, "एक मिनिट हं, आजोबा," म्हणाली आणि कॉलरच्या दुसऱ्या, कोरड्या टोकावर काडी फिरवली. आम्ही चौघं बघत होतो. काडीचं टोक असं लाल झालं जसं काही त्याला कापलंय.

 चिलीचं झाकण थडथडत होतं. मी टिलीच्या तोंडातून कॉलर काढली तर ती रडायला लागली. डेनीनं हातातला गोळ्यांचा डबा ओट्यावर ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून बाहेर पायरीवर ठेवून आला आणि आपले तळहात पँटला पुसू लागला. रोझान म्हणाली, "पँटला नको, साबणानं."

व्हर्लिन अजून दारातच. "यात काही नाहीये," ते म्हणाले. "धुतलेला आहे हा. मारिट धुते दर आठवड्याला."

धूत होते मी. सासूबाई गेल्यापासून व्हर्लिनचे कपडे मीच धुवायला आणायची. ते नको म्हणायचे, मी ऐकायची नाही. एकट्या माणसाचे चार कपडे, आपल्यातच टाकू. गेला महिनाभर मी टिलीची पांघरुणं रोज गरम पाण्यात धुतली, त्याच यंत्रात, आणि दर शनिवारी त्याच यंत्रात तो कोट फिरवला. नोव्हेंबर, म्हणजे गोळ्या ओतायचा महिना. त्यांचं काम वाढलं तसा आमचा आकडा वाढला होता. 

"म्हणजे मी?" व्हर्लिन म्हणाले. "म्हणजे माझ्यामुळं?"

 "नाही, तसं नाही," असं मी म्हणाले नाही. ते मी म्हणायला हवं होतं.

ते वळून बाहेर गेले. थोड्या वेळानं खिडकीतून बघते तर कचरा जाळायच्या पिंपाशी उभे, कोट हातात, आगकाडी ओढलेली. मी अनवाणी धावले.

"जाळू नका. व्हर्लिन, जाळू नका, शिसं धुरातून येतं."

"मग करू तरी काय याचं?"

रोझाननं प्लॅस्टिकची जाड पिशवी आणली आणि त्यांनी कोट तिच्यात टाकला. डिसेंबरची थंडी, अंगात नुसता शर्ट, आणि हात अंगापासून लांब धरलेले, ओल्या रंगाचे असावेत तसे. मी त्यांना आत या म्हटलं. ते म्हणाले, "नको. तू जा. अनवाणी आहेस."

दुसऱ्या दिवशी टोळी गेली. डेनीनं दुकानातून गोळ्यांची खोकी आणली, त्यावरून एरवी त्याला वर्षभर चिडवलं असतं, कुणी चिडवलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा व्हर्लिन गेले नाहीत. कोल्टननं एक मादी मारली आणि लवकर परत आला.

गॅरेजला कुलूप लागलं. नवीन यंत्र आलं, नवीन पायपुसणं, मी शाळेतून सुट्टी घेतली. व्हर्लिन आमच्याकडे येईनासे झाले. जेवायला बोलावलं तर म्हणत, "आत्ताच खाल्लं." मी टिलीला अंगणात घेऊन गेले की ते आपल्या खिडकीतून हात हलवत, बाहेर येत नसत. मला वाईट वाटायचं, पण खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटायचं. माझं सगळं लक्ष आकड्यावर होतं. डिसेंबरच्या शेवटी तेहतीस. जानेवारीत सव्वीस. त्या दिवशी मी दवाखान्याच्या संडासात जाऊन रडले, आणि बाहेर आले तर रोझान तिथं कुठलेसे कागद द्यायला आलेली.

"छान उतरतंय," ती म्हणाली. "आणि त्यांचं किती आलं?"

"कुणाचं?"

"आजोबांचं," ती म्हणाली. आणि मग मला कळलं मी काय विचारलंय.

मुलीनं कॉलर चोखली होती. ज्यानं तो कोट घातला, बंद दाराआड भांड्यावर वाकून चाळीस हिवाळे तो धूर घेतला, फरशी झाडली, त्याच हातानं सँडविच खाल्लं, त्याचं रक्त बघायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. डॉक्टरांच्या नाही, कोल्टनच्या नाही, जीवशास्त्रवालीच्या तर नाहीच.

टिलीला घरी कोल्टनपाशी सोडून मी तशीच त्यांच्या घरी गेले. दुपारचे दोन वाजले होते आणि ते पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होते. वरचं बटण खालच्या काजात. काढायचे, परत लावायचे, परत चुकायचं. टेबलावर सूपची वाटी, वर साय धरलेली.

"पोटात दुखतंय का?"

"थोडं. शरद ऋतूपासून. म्हातारपण आहे, मारिट, ते कुठं ना कुठं दुखणारच."

"दवाखान्यात चला."

"टिलीचं किती आलं?"

"सव्वीस."

"मग झालं तर," ते म्हणाले. "मग ठीकच आहे की सगळं."

"टिली सुईला घाबरते. तुम्ही आधी टोचून घेतलंत तर ती बघेल." हे खोटं होतं. टिली त्या वेळी घरी कोल्टनपाशी होती. पण त्याखेरीज ते उठले नसते.

त्यांचा आकडा ब्याऐंशी आला. डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलंच नाही. आज सहावा दिवस आहे. पहिल्या रात्री त्यांनी नर्सला तीनदा सासूबाईंच्या नावानं हाक मारली, आता मारत नाहीत. हातांचं कापरं अजून आहे. काय परत येईल आणि काय नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

मी हे रुग्णालयाच्या खुर्चीत बसून लिहितेय. गोळ्या ओतू नका असं सांगायला लिहीत नाहीये, ते ऐकणारं आमच्या काउंटीत कुणी नाही. पण तुमच्याही टोळीत असा एक जण असेल, ज्याच्या गोळ्या तुम्ही सगळे वापरता, जो गॅरेजचं दार लावून एकटा भांड्यावर वाकलेला असतो. वडील असतील, काका असतील, शेजारचा म्हातारा असेल. आज त्याच्याकडे जा. फोन करू नका, फोनवर तो नेहमी ठणठणीत असतो. समोर बसा, जेवला का विचारा, ताट बघा. शर्टाचं बटण लावायला सांगा आणि त्याच्या बोटांकडे बघा. मग त्याला गाडीत बसवा, आणि रक्त काढेपर्यंत तिथून उठू नका.