काडतुसांच्या कारखान्यातली लाल फळी

मित्रांनो, संग्रहालयात दोरीमागे ठेवलेली, गुडघाभर उंचीची जुनी लाल फळी पाहिलीत ना? ती मी. फळीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटेल. पण ज्यांनी बोलायला हवं होतं ती माणसं उरली नाहीत, म्हणून लाकडाला तोंड उघडावं लागतंय.

बर्मिंगहॅमच्या ओल्डकर काडतूस कारखान्यात माझी हयात गेली. थोरल्या ओल्डकरांनी सुताराजवळ उभं राहून मला कपडे बदलायच्या खोलीत आडवं ठोकून घेतलं. माझ्या अलीकडे रस्त्याची माती, पलीकडे स्फोटक पूड भरायच्या खोल्या. घासून ठिणगी पडेल असा लोखंडाचा तुकडा किंवा वाळूचा कण पलीकडे न्यायचा नाही, असा दंडक होता. माझ्यावर बसायचं, बूट अलीकडे सोडायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि तिथले बिनखिळ्यांचे मऊ जोडे घालायचे. थोरले मालकही तसेच बसत. "पूड मालकाला ओळखत नाही," असं ते म्हणत. तेव्हा माझा वचक होता.

आधी इथे तितर-बदकांच्या शिकारीची काडतुसं होत. मग महायुद्ध आलं आणि माणसांच्या शिकारीची होऊ लागली. गल्लोगल्लीच्या बायका कामाला आल्या. माझ्याजवळ उभी राहून हेप्सी प्रिग त्यांची झडती घेई. आगपेटी, पिना, बटणं सगळं काढून ठेवायचं. निघत नसेल त्या लग्नाच्या अंगठीवर दोरा गुंडाळायचा. केस फितीनं बांधायचे. हेप्सीची धाकटी बहीण लेटी आत पूड भरायची. तिलाही सूट नव्हती.

"जीभ पण तपास गं हेप्सी," लेटी म्हणायची. "आई म्हणते, तीच जास्त धारदार आहे."

"ती तपासायला घेतली तर इथंच दुपार होईल. वेणी दाखव."

थोरले वारले आणि त्यांचे चिरंजीव सिरिलसाहेब गादीवर आले. एका सकाळी ते दोन बड्या पाहुण्यांना घेऊन आले आणि बुटांसकट मला ओलांडू लागले.

"साहेब, जोडे," हेप्सी म्हणाली.

"कारखाना कोणाचा आहे, हेप्सी?"

"तुमचाच. म्हणून तर सांगते."

पाहुणे हसले. साहेबांची खिळेवाली टाच माझ्यावर घासली आणि अंगणातली खडी पलीकडे सांडली. साहेब तसेच बुटांनी आतल्या खोल्यांत गेले. हेप्सीनं गुडघे टेकून ओल्या फडक्यानं दारापर्यंतची जमीन पुसली. आतल्या खोल्यांत जायची तिला परवानगी नव्हती. पाहुणे निघून गेले, आणि दुपारी लेटीची खोली उडाली. तिच्या बाकावरची एकही बाई वाचली नाही.

खडीनंच घात केला, अशी शपथ मी घेणार नाही. मी आत नव्हते. पण चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब हेप्सीकडे आले, तेव्हा मी तिथेच होते.

"एवढंच सांग, की एखादी पीन नजरेतून सुटली असेल. माणूस आहे, चुकतो. तुझी जागा कायम राहील."

"लेटीची वेणी मी घरी घातली होती, साहेब. इथं मीच ती उलगडून पाहिली. पीन नव्हती."

"आणि माझ्या बुटांचं?"

"विचारलं तर सांगणार. नाही विचारलं तरी सांगणार."

तिनं सांगितलं. बड्यांपुढे गरिबाचा शब्द तो काय! निकाल लागला: लेटी नावाच्या कामगार स्त्रीच्या केसातल्या पिनेमुळे अपघात. हेप्सीला काढून टाकलं. ती आपले लाकडी बूट न्यायला आली, तेव्हा लेटीशेजारी बसणाऱ्या मुलीची आई दारात उभी होती.

"तुझ्या बहिणीच्या पिनेनं माझी पोर खाल्ली," ती म्हणाली. हेप्सीनं तोंड उघडलं, पण त्या बाईनं पाठ फिरवली. ते आठवलं की मला आजही संताप येतो. त्या कारखान्यात साहेबांनी स्वतः बनवलेला माल एकच, ती पिनेची गोष्ट, आणि ती काडतुसांपेक्षा लांब गेली.

पुढे साहेबांना सरकारी मानमरातब मिळाला. कारखाना बंद पडला, मी अडगळीत कुजले आणि म्हातारपणी अचानक मौल्यवान ठरले. मला रंग लावला, दोरी बांधली, शेजारी पाटी लावली. पाटीवर पिनेचीच गोष्ट आहे.

एकदा काठी टेकत हेप्सी आली. तिनं पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग रखवालदाराला म्हणाली, "हे खोटं आहे, बाळा. लेटीच्या केसात पीन नव्हती."

तो भला होता. "वर कळवतो हं, आजी," म्हणाला.

"वर कळवूनच तर हे झालं," हेप्सी म्हणाली.

ती परत आली नाही. पाटी आहे तिथेच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला दर आठवड्याला तेल लावून पुसतात. नका पुसू. माझ्यावर बोटभर धूळ चढली तरी चालेल. आधी ती पाटी पुसा.