उशिराचा हप्ता

फोन थरथरला तेव्हा कोरिनच्या हातात पाण्याचा नमुना होता. तिने बाटलीला बूच लावलं, हातमोजे काढले आणि प्रयोगशाळेबाहेर, खिडकीपाशी येऊन उभी राहिली. दोन दिवस ती याच फोनची वाट पाहत होती.

"त्या कर्जवाल्या बाईचा फोन आला होता," पलीकडून तिचे वडील, लायल, म्हणाले. कशी आहेस, बरी आहेस ना, असली सुरुवात त्यांना कधी जमली नाही. "हप्ता चुकलाय म्हणे."

"अरे देवा. राहिलाच की."

"राहिलाच की! केमिस्ट्रीची पदवी घेतलीस ना गं? कॅलेंडर बघायला नाही शिकवलं तिथे?"

"त्याची फी वेगळी होती, डॅड."

ते हसले. त्यांचं हसणं खोकल्यासारखं असायचं.

"पैसे आहेत ना पण?"

"आहेत. आज भरते."

मग ते बोलायला लागले. एकदा रागवून झालं की त्यांची जीभ सैल व्हायची. नेब्रास्कात अजून बर्फ नाही, नुसता वारा. वांडा आत्याने कानाचं नवं यंत्र घेतलंय आणि आता तिला नको ते सगळं ऐकू येतं. चर्चच्या जेवणात या वेळी मांस कच्चं होतं, पण बोलणार कोण? कोरिन मध्येच एखादा प्रश्न टाकत होती, विझत्या शेकोटीत काटकी टाकावी तसा. बाहेर बफेलो शहरातला बर्फ गाड्यांवर साचत होता.

कर्जावर लायल यांची जामीन म्हणून सही होती. कॉलेजचं पहिलं वर्ष परवडेलसं वाटलं होतं. पुढे दरवर्षी फी वाढली, शिष्यवृत्ती होती तेवढीच राहिली, आणि तिसऱ्या वर्षी सरकारी कर्ज पुरेना म्हणून खासगी घ्यावं लागलं. आई नुकतीच गेली होती. स्कूलबसच्या गॅरेजमधून आलेल्या लायल यांनी तेलकट हात पॅंटला पुसले आणि न वाचताच सही केली. कोरिनला नोकरी लागून आता सात वर्षं झाली होती. भरलेल्यातलं बरंचसं व्याजातच जिरत होतं आणि घरी जायचं विमानाचं तिकीट दर नाताळला पुढच्या नाताळवर जात होतं.

हप्ता लांबला की कंपनी जामीनदाराला फोन करते, हे तिला एकदा खरोखर विसरल्यावर कळलं. त्या दिवशी डॅड तासभर बोलले होते. त्यानंतर ती कधीच विसरली नव्हती. महिन्याच्या आत भरलं तर दोघांचीही पत बिघडत नाही, थोडा दंड पडतो, एवढं तिने नियम वाचून पडताळून घेतलं होतं. तो दंड ती भरत होती.

"एक सांगायचं होतं," लायल म्हणाले. आवाज बदलला होता. "वांडाच्या गल्लीत एक घर निघालंय. बैठं. जिना नाही."

"मग घे ना."

"बँकेत जाऊन आलो. तिथला पोरगा म्हणतो, तुमच्या नावावर आधीच मोठं कर्ज आहे. म्हटलं, माझं कुठलं? तर त्याने तुझं दाखवलं."

कोरिनने कपाळ काचेला टेकवलं. काच गार होती.

"वर्षभर सलग हप्ते वेळेवर गेले तर कर्जावरचं माझं नाव काढून टाकतात म्हणे. घरमालकीण ओळखीची आहे, तोवर थांबते म्हणाली. पण एकही चुकून चालायचा नाही, पोरी. गुडघे आता जिन्याशी भांडतात. गेल्या आठवड्यात खालीच सोफ्यावर झोपलो."

"नाही चुकणार."

"बोलतेस खरी."

"नाही चुकणार, डॅड."

त्या संध्याकाळी तिने बँकेला सांगून हप्ता आपोआप कापला जाईल अशी सोय केली. पुढच्या महिन्यात तारीख आली आणि गेली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. स्वयंपाक करताना ती फोन शेगडीशेजारी उताणा ठेवायची. एकदा वाजला. दातांच्या दवाखान्यातून आठवण होती.

आपणच करावा, असं तिच्या मनात यायचं. पण त्यांच्या घरात फोन करायला कारण लागे. कुणी गेलं, कुणाला मूल झालं, काही मोडलं, तर फोन. उगाच केलेल्या फोनने माणसं घाबरत. आणि तिच्याकडे तर काहीच मोडलेलं नव्हतं.

बर्फ वितळत आला तेव्हा एका रविवारी तिने नंबर लावला.

"काय झालं?" लायल यांनी पहिल्याच घंटेला उचलला. "चुकला का हप्ता?"

"नाही. वेळेवर गेला."

"नोकरी?"

"आहे."

"बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे मी."

पलीकडे टीव्हीवर कुठलासा सामना चालू होता. लोक ओरडले, गप्प झाले.

"असं होय," लायल म्हणाले. "म्हणजे सगळं वेळेवर. मग आता मी ओरडू तरी कशावरून?" ते हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

कोरिनने खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला तिची जुनी गाडी उभी होती.

"गाडीचं ऑइल बदलायचं राहिलंय," ती म्हणाली. "बरेच महिने झाले."

"काय?" टीव्ही बंद झाला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "अगं, मेकॅनिकची पोर ना तू? इंजिन जाम होईल, मग ढकलत ने कामावर! किती मैल झाले?"

कोरिन भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. ऑइल तिने परवाच बदलून घेतलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कुठे बघायचं असतं ते?"