ओहोटीची वाट

मी एक बुटकी खुर्ची आहे. बातमी आली त्या सकाळी मोरॅगने मला अंगणात उलटी ठेवून माझ्या डुगडुगत्या पायाला गोंद लावला होता. दारातूनच तिने फोन घेतला. गावातल्या लॉकी म्हाताऱ्याला इस्पितळातून घरी पाठवत होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोरॅगने एवढंच विचारलं, "त्याच्या पलंगावरून समुद्र दिसतो का?"

सुईण माणसाला या जगात घेते, मोरॅग त्याला पोचवायला जाते. शिकलेले लोक तिला डूला म्हणतात, आमच्या कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावर नुसतं सोबतीण म्हणतात. ती औषध देत नाही. ओठ ओले करते, घरच्यांना जेवायला बसवते, आणि बरंचसं गप्प राहते.

जन्मले तेव्हा मी चांगली उंच होते. मेपलच्या लाकडाच्या आम्ही चार बहिणी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती. मोरॅगचा नवरा नील अंथरुणाला खिळला, तेव्हा ती माझ्यावर बसून त्याला भरवायची. तो म्हणायचा, "तू वर बसलीस की डॉक्टरीण वाटतेस. मान दुखते माझी." तो गेल्यावर तिने करवत आणली आणि माझे पाय कापले. दुखलं नाही असं म्हणणार नाही. पण त्यानंतर ती जाईल त्या घरी मला सोबत नेते, आणि माझ्यामुळे कुणा आजाऱ्याला मान वर करावी लागली नाही.

माणसं सुरुवातीला माझ्या अगदी काठावर बसतात, उठून पळता येईल अशी. मग हळूहळू टेकतात.

लॉकीची मुलगी एफी दूरच्या अल्बर्टाहून विमानाने आली. आई गेली तेव्हा ती तिकडे कामावर होती. विमान मिळेपर्यंत मातीसुद्धा झाली होती. "या वेळी बाबांचा हात माझ्या हातात असणार," ती म्हणाली.

आमच्याकडे समजूत आहे, किनाऱ्यावरचा माणूस ओहोटीबरोबर जातो. एफीने भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजला चिकटवलं. पाणी उतरू लागलं की ती माझ्यावर बसायची, बापाचा हात धरायची. चढू लागलं की उठायची.

लॉकीला गंमत वाटायची. "पाणी चढतंय गं, जा, जेवून घे. मी कुठे पळून जातोय? बोटसुद्धा विकून बसलोय."

मोरॅग तिला म्हणाली, "एफी, चहा टाकायला उठलीस तरी सांगून उठ. पाण्याचा भरवसा धरू नकोस."

"आमच्या घरात भरतीला कुणी गेलेलं नाही," एफी म्हणाली.

मग लॉकीचं बोलणं थांबलं. त्या दुपारी भरती लागली तशी एफी उठली. कित्येक दिवसांत तिने केस धुतले नव्हते. बाप झोपलेला पाहून ती दार ओढून वर न्हाणीघरात गेली आणि मोरॅग माझ्यावर बसली. थोड्या वेळाने लॉकीचा श्वास लांबला, अडखळला. मोरॅगने जोरात हाक मारली. वर नळ चालू होता. उठून जावं तर लॉकीचा हात सोडावा लागला असता. तिने तो सोडला नाही.

एफी डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली आली. मोरॅगचा चेहरा पाहून ती दारातच थांबली. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"पाणी तर अजून चढतंय," ती म्हणाली.

 मोरॅग माझ्यावरून उठली. "बस," म्हणाली. "हात अजून गरम आहे."

संध्याकाळी दोघींनी मिळून त्याचं अंग पुसलं. मोरॅग निघाली तेव्हा एफी माझ्यावरच बसलेली होती, म्हणून मी इथेच राहिले.

आता पलंगही इथे नाही. एफी अल्बर्टाला परतलेली नाही. ती माझ्यावर बसून रिकाम्या जागेशी बोलते: छप्पर गळतंय, शेजारची मांजर व्यायली, असलं काहीबाही. तुमच्या घरी कुणी पडून असेल तर एवढं करा. खुर्ची जवळ ओढा, आणि उठताना बोलून उठा. डोळे मिटलेल्यालाही ऐकू येतं, असं मोरॅग सांगते.

एफी आता बापाला सगळं सांगते. पण त्या दुपारी दार ओढताना "येते, बाबा" म्हणायचं राहिलं, ते राहिलंच.